ट्रॅव्हल ट्रेलर घेताय? आधी गाडीचं दार उघडा

मागच्या भागात मी बोलता बोलता म्हटलं होतं की आम्ही ट्रॅव्हल ट्रेलर बघतोय. त्यावर आलेल्या मेसेजेसपैकी निम्म्यांत "कोणता घेतला?" असं होतं आणि निम्म्यांत "पण ते असतं काय?" आज दोन्हींचं उत्तर देतो. नेहमीसारखंच, बोललोय ते जवळपास तसंच खाली लिहून काढलंय.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. तिला स्वतःचं इंजिन नसतं. गाडीच्या मागे हिच असतो, त्याला जोडायची आणि ओढत न्यायची. आत पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, संडास-बाथरूम. मुक्कामाला पोचलात की खोली तिथे सोडायची आणि गाडी घेऊन फिरायला मोकळं. इंजिनासकट येते ती मोटरहोम. पिकअपच्या हौद्यात जोडतात ती फिफ्थ व्हील. त्या दोन्ही आमच्या हिशेबात नव्हत्या, कारण आमच्याकडे पिकअप नाही आणि वर्षातले दहा महिने उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या इंजिनाची देखभाल मला नको होती.

मी शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहतो. मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. बाबा ६८ वर्षांचे, गुडघे दुखरे, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. आईचं दुखणं वेगळंच: ज्या तव्यावर अंडं झालं त्यावरचं तिला काही चालत नाही. त्यामुळे मागच्या खेपेला आमच्या सगळ्या सहली सकाळी निघून रात्री घरी परत, अशाच झाल्या. यलोस्टोन इथून साधारण १,४०० मैल, तिथे तसं कसं जाणार? बायको म्हणाली, "बाबा अजून किती वेळा एवढा विमानप्रवास करणार आहेत? जायचं तर याच उन्हाळ्यात." म्हणून ट्रेलर.

आता सगळे सुरुवात कुठून करतात? फ्लोअर प्लॅनपासून. यूट्यूबवर आतल्या व्हिडिओंचा खच पडलाय, दिवे काय, सोफा काय. डीलरकडे गेलं की तेही आधी आतच नेतात. आम्ही गेलो तिथल्या सेल्समनने मला गाडी कोणती ते विचारलं आणि लगेच म्हणाला, "तुमची गाडी ५,००० पौंड ओढते, हा ४,४०० चा आहे. आरामात जाईल." मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीचं दार उघडून आलो.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या हवेचा स्टिकर असतो, त्यावरच एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये. यालाच पेलोड म्हणतात. आमच्या गाडीवर तो आकडा १,२८० पौंड आहे, म्हणजे साधारण ५८० किलो. ओढायची क्षमता ५,००० पौंड हे जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं. पेलोड मात्र दारामागे. आणि आमच्यासारख्या फॅमिली एसयूव्हीमध्ये ५,००० च्या कितीतरी आधी पेलोड संपतो.

कारण असं की ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, तो पुढे टेकतोही. त्याच्या एकूण वजनाचा काही भाग हिचवर, म्हणजे गाडीच्या पाठीवर येतो. याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी ते भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. आणि ते पेलोडमध्ये मोजलं जातं, माणसांच्या बरोबरीने.

इथे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना वाटतं तसं, "आई-बाबा मागे ट्रेलरमध्ये झोपून येतील," हे डोक्यातून काढून टाका. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवायला अनेक राज्यांत बंदी आहे, आणि जिथे नाही तिथेही बसवू नका; आत सीटबेल्टच नसतो. चौघंही गाडीतच बसणार.

मग धरा हिशेब. मी १७०, बायको १३०, बाबा १६०, आई १४०. झाले ६००. बाकी ६८०. गाडीत कूलर, बॅगा, खाण्याचं, बाबांची घडीची खुर्ची, कमीत कमी १२०. बाकी ५६०. वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणारा हिच लागतो, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, तो स्वतःच ८० पौंडांच्या आसपास. बाकी ४८०. हे ४८० म्हणजे जास्तीत जास्त टंग वेट. मधला १३ टक्क्यांचा दर धरला तर ४८० भागिले ०.१३, म्हणजे साधारण ३,७०० पौंड. हे भरलेल्या ट्रेलरचं वजन. आता रिकाम्यावर या. ३० गॅलन पाणी म्हणजे २५० पौंड, कारण एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं. गॅस सिलिंडर, बॅटरी, अंथरूण-पांघरूण, कुकर, कढया, पाइप, खुर्च्या धरून आणखी ४५०. उरले ३,०००.

म्हणजे सेल्समनच्या तोंडी ५,००० होते, आमच्या कुटुंबासाठी खरे ३,०००. त्याने खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. ज्या मानकाने कंपन्या ओढायची क्षमता काढतात, त्यात गाडीत दोन माणसं, प्रत्येकी १५० पौंडांची, असं धरलेलं असतं. आई, बाबा आणि कूलर त्यात नसतात. तो ४,४०० चा आकडाही ब्रोशरमधलं कोरडं वजन होतं. पाणी आणि तुमचं सामान त्यात धरलेलं नसतं. ट्रेलरच्या दाराजवळ त्याचा स्वतःचा स्टिकर असतो, तो वाचा. ब्रोशर नाही वाचलंत तरी चालेल.

"मग टंग वेट कमी ठेवू की, वजन मागच्या बाजूला भरू," असा जुगाड बीटेकवाल्याच्या डोक्यात लगेच येतो. करू नका. हे मी बाबांना व्हिडिओ कॉलवर समजावत होतो तर ते मधेच म्हणाले, "अरे, म्हणजे गाडी उलाळ होणार." बाबांचं बालपण गावात बैलगाडीबरोबर गेलंय. मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं, त्याला उलाळ म्हणतात. बैलगाडी उलाळ झाली तर फार तर थांबते. ६० मैलांच्या वेगाने जाणारा ट्रेलर उलाळ असेल तर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो, आणि प्रत्येक झोक्यागणिक जास्तच. याला स्वे म्हणतात. शेवटी तो गाडीलाच फिरवतो. ट्रेडमिलवर खेळण्यातली गाडी आणि ट्रेलर ठेवून केलेले व्हिडिओ शोधा. वजन पुढे असताना धक्का दिला तर ट्रेलर दोन झोक्यांत सरळ होतो. तेच वजन मागे सरकवलं की एका टिचकीत सगळं उलटंपालटं. माझ्या मते ट्रेलरबद्दल एकच गोष्ट बघायची असेल तर ही बघा.

आणि समजा स्वे सुरू झालाच तर? गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. ब्रेक कंट्रोलर म्हणजे डॅशबोर्डजवळ बसवायची छोटी डबी. ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक ती चालवते. आमच्या गाडीत ती नव्हती, वेगळी बसवून घेतली. वेगाचंही बघा. बऱ्याच ट्रेलर टायरवर ६५ मैलांची मर्यादा असते, कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ च्या वर जाताच येत नाही. मिशिगनमधल्या मॅकिनॉ पुलावर वारा वाढला की ट्रेलरसारख्या उंच वाहनांना एस्कॉर्ट गाडीच्या मागून २० मैलांच्या वेगाने सोडतात. वारा आणखी वाढला तर थांबवूनच ठेवतात.

बरं, वजन ठरलं. आता माल.

अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर उत्तर इंडियानात बनतात, एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत. आम्हाला दोन-अडीच तासांवर, म्हणून एका शनिवारी तिथलं आरव्हीचं म्युझियम बघून आलो. जुन्या ट्रेलरच्या रांगा आहेत, वेळ असेल तर जा. पण माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. दुकानात पंचवीस-तीस नावं दिसतात, त्यातली कितीतरी दोन-तीन मोठ्या घराण्यांची असतात. एअरस्ट्रीम, जेको, कीस्टोन ही तिन्ही थॉरची. फॉरेस्ट रिव्हर बर्कशायर हॅथवेची. त्यामुळे "हा ब्रँड भारी, तो बेकार" या वादात मी फार पडलो नाही. भिंत कशाची आहे ते बघितलं.

ढोबळमानाने तीन प्रकार. लाकडी सांगाडा आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. स्वस्त, दुरुस्तीला सोपा. दुसरा, फायबरग्लासचा पातळ थर, फोम आणि प्लाय चिकटवून केलेली सपाट भिंत. दिसायला गुळगुळीत, पण आत पाणी शिरलं की थर सुटतात आणि बाहेरून फोड आल्यासारखा फुगवटा दिसतो. तिसरा, साच्यातून काढलेली फायबरग्लासची दोन कवचं एकमेकांवर बसवलेली, अंड्यासारखी. यात छतावर लांबलचक सांधे नसतात. लहान असतात, नव्या महाग असतात, आणि जुन्या झाल्या तरी किंमत सोडत नाहीत.

ट्रेलरचा शत्रू एकच, पाणी. मैल कितीही झालेले असोत, इंजिनच नाही तर झिजणार काय? छताच्या कडेचं सीलंट तडकतं, पाणी हळूहळू आत जातं, लाकूड आतल्या आत कुजतं, आणि मालकाला कळेपर्यंत दोन वर्षं झालेली असतात. म्हणून बघायला जाताना टॉर्च आणि मॉइश्चर मीटर घेऊन गेलो. दार उघडल्याबरोबर वास घ्या. कोंदट वास असेल, किंवा एअर फ्रेशनरचा भपका असेल, तर सावध. वरच्या कपाटांचे कोपरे अंगठ्याने दाबा. बाथरूमच्या दारापाशी आणि पलंगाखाली पाय रोवून उभे राहा, फरशी मऊ लागतेय का बघा. बाहेरून भिंतीकडे तिरक्या उन्हात बघा, फुगवटा समोरून दिसत नाही. छतावर चढा, किंवा निदान शिडी लावून फोटो काढा. आमच्या भागात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा खाली झोपून चासीचा गंजही बघा.

टायरवर नक्षी भरपूर दिसली म्हणून खूश होऊ नका. ट्रेलर उभा राहून राहूनच टायर म्हातारे होतात. बाजूला डॉटच्या नंबराच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या वरचे असतील तर नवीन टायरचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

आता नवीन की जुना? यावर माझं मत एकदम ठाम आहे, आणि ते एच-१बी वर असलेल्यांसाठी आहे. डीलर हप्ता सांगतो, किंमत नाही. ३०,००० डॉलर, ९ टक्के, १५ वर्षं: महिन्याला ३०४ डॉलर. ऐकायला किरकोळ. पण पाच वर्षं नेमाने भरल्यावरही तुम्ही जवळपास २४,००० देणं असता. पाच वर्षं वापरलेल्या साध्या ट्रेलरचे २४,००० कोण देणार? आणि आपली परिस्थिती काय? नोकरी गेली तर ६० दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी नाहीतर सामान बांधा. त्या ६० दिवसांत घराचं लीज, गाडी, मुलांच्या शाळा, आणि त्यात विकल्यावरही वरून सहा-सात हजार बँकेला द्यावे लागतील असा ट्रेलर? ग्रीन कार्डवाल्या मित्राला हे पटत नाही, तो म्हणतो तू फार घाबरतोस. असेल. पण व्हिसा तीन वर्षांचा आणि कर्ज पंधरा वर्षांचं, हे माझ्या एक्सेल शीटमध्ये बसेना. आम्ही ठरवलं, रोख घ्यायचा आणि दोन महिन्यांत विकला जाईल असाच घ्यायचा.

कोविडच्या काळात लोकांनी वेड्यासारखे ट्रेलर घेतले, २०२१ मध्ये सहा लाखांहून जास्त आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. त्यातल्या बऱ्याच आता वापरलेल्या म्हणून बाजारात आहेत. तेवढ्या घाईत बनलेला माल मी दुप्पट बारकाईने तपासला एवढं सांगतो.

घेण्याआधी एक भाड्याने मात्र घ्याच. आम्ही विस्कॉन्सिनमध्ये डेव्हिल्स लेकला दोन रात्री घेऊन राहिलो. तिथे कळलं की कोपऱ्यात भिंतीला लागून असलेल्या डबल बेडवर आत झोपणाऱ्याला बाहेर यायला दुसऱ्याच्या अंगावरून यावं लागतं. तिशीत गंमत वाटते. बाबा रात्री तीनदा आईच्या अंगावरून जाणार का? तिथेच आमचा फ्लोअर प्लॅन ठरला. दोन बाजूंना दोन सिंगल पलंग, मधे वाट, चार पावलांवर संडास. शेगडी आईच्या उंचीला, आणि तवा घरून आणलेला. आम्ही दोघं कुठे? बाहेर, तंबूत. तंबूचं वजन आठ पौंड. चौघांना आत झोपवायचं म्हटलं असतं तर ट्रेलर २३-२४ फुटांचा झाला असता, आणि मग आधी गाडी बदला.

तंबूमुळे एक अडचण येते ती सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण यलोस्टोनला जाणार. तिथलं फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क सोयींच्या दृष्टीने छान आहे, पण अस्वलांमुळे तिथे फक्त पक्क्या भिंतीच्या गाड्यांना परवानगी आहे. तंबू चालत नाही, कापडी बाजू असलेला पॉप-अपही नाही. म्हणून आम्ही दुसऱ्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग केलं. ग्लेशियरला जाणाऱ्यांनी हेही लिहून ठेवा: गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या डोंगराळ भागात गाडी आणि ट्रेलर मिळून २१ फुटांपेक्षा लांब असेल तर प्रवेश नाही. म्हणजे कुठलाही ट्रेलर खालीच ठेवायचा.

तर घेतला तो असा. २०१५ चा, १७ फुटी, साच्यातल्या फायबरग्लासचा, १६,५०० डॉलर रोख. मिशिगनमधल्या एका निवृत्त जोडप्याकडून. त्यांनी वीज-पाणी जोडून सगळं चालवून दाखवलं: एसी, गीझर, पंप, फ्रिज गॅसवर आणि विजेवर दोन्ही. एका खिडकीखाली मीटर थोडा चढला, तिचं सील त्यांनीच बदलून दिलं. टायर सात वर्षांचे निघाले, त्यापोटी ६०० डॉलर कमी केले. कागदावर कर्जाचा बोजा नाही ना, आणि कागदावरचा नंबर चासीवरच्या नंबराशी जुळतो ना, हे पैसे देण्याआधी बघितलं. घरासमोर उभा करायला आमच्या सोसायटीची मनाई आहे, त्यामुळे महिन्याला ७० डॉलर भरून बाहेर ठेवलाय. तो खर्चही धरून चाला. आणि इथल्यासारखी थंडी असेल तर हिवाळ्याआधी नळातलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरावं लागतं. आरव्हीवालं गुलाबीच, इंजिनातलं विषारी असतं.

गेल्या रविवारी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर गेलो. आई-बाबा अजून आलेले नाहीत, म्हणून मित्रांसाठी मिळून आणलेल्या तांदळाच्या २० पौंडी पिशव्या वापरल्या. आठ बाबांच्या सीटवर, सात आईच्या, सीटबेल्ट लावून. बाबांना फोटो पाठवला तर म्हणाले, "मी सोना मसुरी आहे की बासमती?" आधी ट्रेलर जोडून वजन केलं, हिचचे स्प्रिंग बार सैल ठेवून, मग नुसत्या गाडीचं. गाडीच्या वजनात पडलेला फरक म्हणजे टंग वेट. ट्रेलर भरून ३,५६०, टंग वेट ४४०, म्हणजे बारा टक्क्यांच्या थोडं वर. ६०० माणसं, १२० सामान, ८० हिच, ४४० टंग, एकूण १,२४०. स्टिकरच्या ४० पौंड खाली.

आईने कालच विचारलंय की दगडी खलबत्ता आणू का.